सर ओरडले तेव्हा

सर कधी ओरडत नसत. मैदानावर मुली चारी दिशांना धावत असल्या, वारा उलटा असला, शेजारच्या खळ्यावर मळणीचं यंत्र धडधडत असलं, तरी सर बांधावर उभे राहून देवळात बोलावं तेवढ्याच आवाजात बोलत. ऐकू आलं नाही तर आपण त्यांच्याजवळ जायचं. दहा वेळा जावं लागलं तर दहा वेळा जायचं. नव्या मुलींना याचा वैताग यायचा. एकीने धीर करून सुचवलं होतं की सर, निदान शिट्टी तरी घ्या. सर म्हणाले, ओरडायचं ते पाखरांवर, भात राखताना. पोरींवर कशाला ओरडायचं?

मी आता मुरबाडला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. खेळाडूंच्या कोट्यातून लागले. माझ्या फायलीत जी प्रमाणपत्रं लावलेली आहेत ती सगळी सरांच्या त्या बारीक आवाजाची कमाई आहे. तरीही कचेरीत कोणी किन्हवलीकडचं माणूस आलं आणि त्याने सरांचं नाव काढलं की मी पाणी प्यायला उठते. असं का, ते आज सांगून टाकते. फार उशीर झालाय हे मला माहीत आहे.

सर किन्हवलीजवळच्या आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. बुटके, काटकुळे, पँट कायम घोट्याच्या वर दुमडलेली, कारण शाळेत येण्याआधी ते स्वतःच्या शेतात एक फेरी मारून यायचे. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांसारखी आमच्याकडेही कबड्डी आणि खो-खो होते. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सर कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना रग्बीचा लांबट चेंडू घेऊन आले. पंच्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून. एसटीत कंडक्टरने विचारलं, मास्तर, पपई कुठून आणलीत? सरांनी पंचा सोडून त्याला चेंडू दाखवला आणि शहापूरपासून किन्हवलीपर्यंत त्या बिचाऱ्याला रग्बीचे नियम समजावून सांगितले. पुढे कितीतरी दिवस तो कंडक्टर सरांना पाहिलं की पुढच्या दाराशी जाऊन उभा राहायचा.

या खेळात चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं असतं, पण दुसऱ्याला द्यायचा झाला तर मागच्यालाच द्यावा लागतो. पुढे फेकला की चूक. मुलांना हे काही केल्या जमेना, त्यांचा हात पुढेच जायचा. सरांना तोड सापडली ती आवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत. भाताची आवणी करताना बायका वाकून मागे मागे सरकत जातात आणि रोपांच्या जुड्या न बघता इकडून तिकडे टाकल्या-झेलल्या जातात. सर छत्री घेऊन गावोगावच्या बांधांवर उभे राहायला लागले. कोणाच्या घरची पोर जुडी न बघता झेलते, कोणाचा पाय चिखलात घसरत नाही, ते बघत बसायचे. आमच्या शेतावर ते तीन दिवस लागोपाठ येऊन उभे राहिले तेव्हा आईला वाटलं, मास्तर कोणाचं तरी स्थळ घेऊन आलेत. तिने मला घरी पिटाळून तोंड धुऊन यायला लावलं. चौथ्या दिवशी सरांनी बाबांना विचारलं, पोरीला चेंडू खेळायला पाठवता का? आईचा चेहरा पडला तो मला अजून आठवतो.

आमचं मैदान म्हणजे कापणी झालेलं शेत. पायाला धसकटं टोचायची. रेषा आखायला सर भाताच्या तुसाची राख आणायचे आणि खांबांना वेळू. उलटं चालायची सवय व्हावी म्हणून ते आम्हाला बांधावरून उलटं चालायला लावत, आणि आम्ही एकट्याच कशाला चालायचं म्हणून स्वतःही आमच्याशी बोलत बोलत आमच्यापुढे उलटे चालत. एकदा असेच बोलता बोलता मागच्या उकिरड्यात गेले. कमरेएवढ्या शेणात उभं राहून त्यांनी अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, मग हात पुढे करून म्हणाले, आता ओढा. आम्ही हसून हसून इतक्या दमलो होतो की ओढायला ताकद नव्हती.

सरांच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली दसऱ्याची. आमच्याकडे दसऱ्याला कोयता, विळा, नांगर यांची पूजा होते. सर त्या रांगेत चेंडूही ठेवायचे. त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी चेंडूला पाय लावायचा नाही. एरवी खेळताना हवा तेवढा लाथाडा, पण नुसता पडलेला असताना चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा, पुस्तकाला लावतो तसा. एवढंच होतं ते. खेळात लाथ कशी मारायची ते तर सरांनी आमच्याकडून इतकं घोटवून घेतलं होतं की माझ्या उजव्या पायाचा अंगठा अजून वाकडा आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या एका शब्दाची. खेळताना चेंडू पडला की मुली साहजिकच एकमेकींकडे बघतात. तू नीट दिला नाहीस, तू नीट घेतला नाहीस. सरांनी ते मुळापासून बंद केलं. चेंडू पडला की जिने दिला तिने म्हणायचं, "माझं." जिच्या हातून पडला तिनेही म्हणायचं, "माझं." आणि लगेच पुढे पळायचं. कोणाचं खरं, याचा निवाडा करायचा नाही. सुरुवातीला आम्हाला याची गंमत वाटायची. पुढे इतकं अंगवळणी पडलं की घरी हातातून दुधाचं पातेलं निसटलं तर आम्ही दोघी बहिणी एकदमच "माझं" म्हणायचो आणि आई दोघींनाही रट्टा द्यायची. सर स्वतःही म्हणायचे. आम्ही हरलो की पहिलं "माझं" त्यांचं असायचं. जिंकल्यावर मात्र काहीच बोलायचे नाहीत, चेंडू पंच्याने पुसत बसायचे.

आमच्या त्या धसकटातल्या संघाने जिल्हा जिंकला, मग राज्य. एकेक करून आमच्यातल्या मुली देशाच्या शिबिराला जायला लागल्या आणि शेवटी अठरा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून सरांनाच बोलावणं आलं. ते पत्र सरांनी आधी काकींना दाखवलं. काकी म्हणजे सरांच्या घरच्या. त्यांनी विचारलं, मग भात कोण कापणार? सरांना तो प्रश्न अगदी बरोबर वाटला. त्यांनी रग्बीच्या मंडळाला पत्र लिहून शिबिराची तारीख कापणीनंतरची मागून घेतली, आणि आश्चर्य म्हणजे ती मिळालीही.

त्या शिबिरानंतर परदेशात झालेल्या स्पर्धेला गेलेल्या संघात किन्हवलीकडची मी एकटीच उरले होते. बाकीच्या मुली वेगवेगळ्या राज्यांतल्या. त्यांच्याशी सर मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचे, माझ्याशी घरच्यासारखं. चेंडूला हात लावून कपाळाला लावायची आमची खोड त्या मुलींनीही गमतीने उचलली. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो फोनाफोनी सगळीकडे फिरला. देशभर लोकांनी कौतुक केलं. तेव्हा कौतुक होतं, हे लक्षात ठेवा.

अंतिम सामना. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला. या खेळात भोंगा वाजला तरी चेंडू खेळात असेपर्यंत सामना चालू राहतो. पुढे असलेल्या संघाने चेंडू लाथ मारून बाजूच्या रेषेबाहेर घालवायचा की सामना संपला. चेंडू माझ्या हातात होता. रेषा माझ्यापासून फार तर दहा पावलं. रेषेपलीकडे सर.

आणि सर ओरडले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना ओरडताना पाहिलं. मानेच्या शिरा तटतटलेल्या, दोन्ही हात वर.

"लाथाड गो! लाथाड!"

मला ऐकू आलं. हे मी आज लिहून ठेवते, की मला ते अगदी लख्ख ऐकू आलं. मी त्यांच्याकडे बघितलंही.

पण डावीकडे मैदान मोकळं पडलं होतं. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की त्याला ट्राय म्हणतात, आणि त्या सबंध स्पर्धेत माझा एकही ट्राय झालेला नव्हता. वर छताखाली मोठ्या बायकांच्या संघासाठी निवड करणारी मंडळी बसली होती. सकाळी न्याहारीच्या वेळी त्यांच्यातल्या एकाने माझ्याआधी दोन मुलींची नावं विचारली होती आणि माझं विचारलं नव्हतं. एवढंच कारण. मी पळाले. समोरच्या दोघींना चुकवलं, तिसरीने कमरेला धरून आपटलं, चेंडू निसटला, त्यांच्या मुलीने उचलला आणि सरळ आमच्या खांबांमध्ये नेऊन टेकवला. सामना गेला. मी गवतावर पडून होते आणि माझ्या तोंडून सवयीने "माझं"सुद्धा निघालं नाही.

चौकशी आम्ही परत आल्यावर झाली. मोठ्या शहरातली गार खोली, टेबलापलीकडे मंडळाचे तिघे जण, अलीकडे सर आणि मी शेजारी शेजारी. बोलणं हिंदीत. जिंकलेला सामना हातातून कसा गेला, याला कोणीतरी जबाबदार असायला हवं होतं. एकाने मला विचारलं, शेवटच्या क्षणी प्रशिक्षक ओरडताना दिसतात, ते काय ओरडत होते? बाकी मुलींनी आधीच सांगितलं होतं की सर त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, आम्हाला कळलं नाही. त्या मैदानावर मराठी कळणारी दोनच माणसं होती आणि ती दोघं त्या खोलीत बसली होती.

मी म्हणाले, ऐकू आलं नाही.

मग दुसऱ्याने फोन पुढे केला. त्यात तोच व्हिडिओ, आम्ही चेंडूला हात लावून कपाळाला लावतोय. आता कौतुक संपलेलं होतं. त्याने विचारलं, चेंडूला पाय लावायचा नाही, अशी काही शिकवण आहे का तुमच्या सरांची? त्याच्या आवाजात उत्तर तयार होतं. मला नुसती मान हलवायची होती. पण मी मान हलवून थांबले नाही. सर चेंडूची पूजा करतात, मी सांगितलं. पाय लागला तर नमस्कार करायला लावतात. त्या क्षणी माझ्या मनात तेच आलं असेल, असंही म्हणाले.

पूजेबद्दल सांगितलेला शब्द न् शब्द सुटा घेतला तर खरा होता.

सरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी बहुतेक तिथेच फुटले असते. ते काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे बघत होते. मग टेबलाकडे वळले आणि म्हणाले, "माझं." त्या तिघांना ते समजलं नाही, म्हणून हिंदीत पुन्हा सांगितलं, माझी चूक आहे.

त्या शब्दानंतर दुसरीने काय म्हणायचं असतं, ते मला माहीत होतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसले.

परत येताना आम्ही आसनगावला उतरलो. रिक्षा बघताना त्यांनी हळूच विचारलं, "खरंच नाय ऐकू आलं गो?"

"नाय सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. गोंगाट होता, असं त्यांनीच माझ्या वतीने पुढे सांगितलं.

सरांना संघावरून काढलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात अंधश्रद्धा हा शब्द होता. शाळेने त्यांच्याकडून मैदान काढून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यांना ग्रंथालयात बसवलं. आमच्या भागात दोन तट पडले. अर्धे म्हणत, मास्तरने देवधर्म करून संघ बुडवला. अर्धे म्हणत, चेंडू पोरीच्या हातात होता, मास्तर काय करणार? गंमत अशी की माझी बाजू घेणारे सरांना शिव्या द्यायचे आणि सरांची बाजू घेणारे मला, पण सर स्वतः पहिल्या तटात होते. कोणी त्यांच्या बाजूने बोललं की तेच त्याला गप्प करायचे. प्रशिक्षकाचंच असतं, म्हणायचे. मला मात्र मोठ्या संघाच्या शिबिराचं पत्र आलं. तिथे दोन वर्षं काढली, प्रमाणपत्रं मिळाली, मग ही नोकरी.

या मधल्या वर्षांत मी सरांकडे गेले नाही. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला माझ्याबरोबरच्या मुली जायच्या, मी मुरबाडहून गाडी नाही असं सांगायचे. त्याच सांगत आल्या की सरांनी चेंडूची पूजा बंद केलीय. रांगेत कोयता, विळा, नांगर असतो, चेंडू नसतो. तो पोटमाळ्यावर टाकून दिलाय.

यंदा भात पिवळं पडायला लागलं तेव्हा माझी धाकटी बहीण माहेरी आली होती. तिने सांगितलं, सर डोक्याने पार गेले गो. दुपारच्या वेळी शेतात एकटेच उभे राहून ओरडतात. पाखरं असली तरी ओरडतात, नसली तरी ओरडतात. पोरंटोरं बांधावर बसून हसतात. काय ओरडतात, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, लाथाड, लाथाड. पाखरांना कोण लाथाड म्हणतं का?

त्या शनिवारी मी गेले.

सर ओटीवर बसले होते. खूप वाळले आहेत. घसा बसलेला होता, गळ्याला पंचा गुंडाळलेला. तोच तो चेंडूचा पंचा. काकींनी चहा दिला आणि मला सांगितलं की डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, पण ऐकतंय कोण. सरांना मला बघून इतका आनंद झाला की मला उठून पळून जावंसं वाटलं. नोकरी कशी आहे, साहेब बरा आहे का, अंगठा दुखतो का, सगळं विचारून झालं. मग काकी आत गेल्यावर आपणहून म्हणाले, फाटक्या आवाजात, की तू हसशील, पण मी ओरडायचा सराव करतो. जन्मात कधी ओरडलो नाय. त्या दिवशी मला वाटलं ओरडलो, पण आवाज बहुतेक फुटलाच नाय. माणसाला सवय पाहिजे. मी कायम पोरींना जवळ बोलावलं, लांबून सांगायची वेळ आली तेव्हा गळाच नव्हता. आता बघतो, फाट्यापर्यंत ऐकू जातं का ते.

मी हातातला कप खाली ठेवला.

"सर, मला ऐकू आलं होतं," मी म्हटलं. "तुमी लाथाड म्हणालात. मी तुमच्याकडे बघितलं आणि मुद्दाम पळाले. मला ट्राय पायजे होता. तिकडे खोटं बोलले मी. तुमचं काय नव्हतं सर, माझं."

हे वाक्य मी इतकी वर्षं मनात घोळवलं होतं. ते ऐकून सर रागावतील, रडतील, घराबाहेर काढतील, सगळ्याची मी तयारी करून आले होते. सरांचा चेहरा हळूहळू उजळला. डोळे पाणावले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत बघून काकींना हाक मारली, म्हणजे मारायचा प्रयत्न केला.

"ऐकलंस का? एवढी वर्सं झाली, सरकारी नोकरीला लागली, पण पोर शिकवलेलं विसरली नाय. अजून माझं म्हणते."

"सर, तसं नाय. खरंच सांगते."

"कळलं गो." ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "पण हे तुझ्या अंगावर घेऊ नको. ज्याचं त्याला राहू दे."

मी पुन्हा सांगितलं. सरांच्या पायावर हात ठेवून सांगितलं. जितकं सांगत गेले तितके ते समाधानी होत गेले. शेवटी काकी बाहेर येऊन म्हणाल्या, अगो, नको त्यांना बोलायला लावू, घसा जाईल. मी उठले. जाताना सरांनी पोटमाळ्यावरून चेंडू काढून मला देऊ केला. हवा गेलेली होती, एका बाजूला उंदराने कुरतडलं होतं, शिवणीत जुनं कुंकू अडकलेलं होतं. मी तो घेतला नाही. घ्यायला हात पुढे होईना.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले. ऊन उतरत होतं. पिवळ्या भाताच्या पलीकडे, बांधावर, सर दिसत होते, पेन्सिलीच्या टोकाएवढे. दोन्ही हात वर गेले. शेजारी उभा असलेला माणूस हसून म्हणाला, मास्तर परत सुरू झाला. मग मला विचारलं, काय ओरडतो गो तो, तुला कळतंय का काय?

मला सगळं ऐकू येत होतं.